पडद्याबाहेरची टकटक

वाहिनीच्या इमारतीत सबटायटल विभाग तळमजल्यावर होता, आणि तळमजल्यावरही जिन्याखाली होता. असा विभाग असणं कायद्यानं भाग होतं. तो दिसणं भाग नव्हतं. दारावर पाटी होती, पण खोलीला खिडकी नसल्यामुळे दार कायम उघडं ठेवावं लागे, आणि दार उघडलं की पाटी भिंतीकडे तोंड करून उभी राही. शिक्षा झालेल्या मुलासारखी.

आत दोन टेबलं, दोन संगणक आणि दोन माणसं. एक ताई. ती विभागाची प्रमुख, म्हणजे दुसऱ्या माणसाची प्रमुख. दुसरा माणूस कात्री. त्याचं खरं नाव पगाराच्या पावतीवर असे, पण ती पावती फक्त तोच वाचत असल्यामुळे इमारतभर तो कात्रीच होता.

हे नाव त्याला कामानं मिळालं होतं. पडद्यावर माणसं जे बोलतात ते खाली दोन ओळींत लिहायचं, ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी. ऐकणं भरभर होतं, वाचायला वेळ लागतो. मालिकेतली सासू एका दमात जेवढं बोलते तेवढं सगळं खाली लिहिलं तर वाचणारा अजून सासूवरच असतो आणि तिकडे सून घर सोडून गेलेली असते. म्हणून छाटावं लागतं. निम्मं छाटलं तरी गोष्टीचं काही बिघडत नाही, हे विभागाचं गुपित होतं. मालिकेच्या लेखकाला ते कुणी सांगितलं नव्हतं इतकंच.

छाटण्याचे नियम ताईनं कुठे लिहून ठेवले नव्हते. ते ती चहा पिताना सांगे. "अं, म्हणजे, काय आहे ना, हे सगळं केरात. एकदा म्हटलेलं पुन्हा म्हटलं, की पुन्हाचं केरात. कुणी अडखळला तर अडखळणं लिहायचं नाही. वाचणाऱ्याच्या डोळ्याला ठेच लागते. आणि पडद्याबाहेरचा आवाज, दार वाजलं, कुत्रं भुंकलं, तो गोष्टीला लागत असेल तर कंसात लिहायचा. नसेल लागत तर कुत्र्याला भुंकू दे."

कात्री हे सगळं ताईपेक्षा चांगलं करी, आणि हे ताईच सांगे.

मोठे साहेब वर्षातून एकदा चुकून जिन्याखाली येत. मागे आले तेव्हा त्यांनी विचारलं, "आपले न ऐकू येणारे प्रेक्षक साधारण किती असतील?"

"मोजता येत नाहीत साहेब," ताई म्हणाली. "हाक मारली तर ओ देत नाहीत."

साहेब हसले नाहीत. त्यांनी मान डोलावली आणि बहुधा तसं वरही कळवलं.

कात्रीला मात्र एक प्रेक्षक पक्का ठाऊक होता. तो त्याच्याच घरात, दिवाणखान्यातल्या खुर्चीवर, चष्मा लावून बसलेला असे. आई.

आईचे कान एकदम गेले नाहीत. घर सोडणाऱ्या भाडेकरूसारखे ते एकेक सामान हलवत गेले. आधी पाखरं गेली, मग दाराची घंटा, मग शेजारीण. शेजारणीचं आईला फारसं वाईट वाटलं नाही. शेवटी मुलं गेली. कानात घालायचं यंत्र आणलं होतं, पण त्यातून आईला सगळं जग भांड्यांच्या मांडणीवरून कोसळल्यासारखं ऐकू येई. यंत्र डबीत गेलं, डबी कपाटात. आई शिवणकाम करायची. आयुष्यभर खडखडणारं तिचं शिवणयंत्र आता तिच्यापुरतं गप्प झालं होतं, आणि ते तिला आवडायचं. "आता कुठे शहाणं झालं," म्हणायची.

आईला दोन मुलगे. कात्री धाकटा. थोरला, म्हणजे दादा, समुद्रापलीकडे होता. एका प्रयोगशाळेत धातूचे तुकडे तुटेपर्यंत ताणून बघायचं काम त्याच्याकडे होतं. धातू काही विचारत नाही आणि तुटताना काही सांगतही नाही. दादानं ती नोकरी निवडली होती ती याचसाठी.

कारण दादा अडखळायचा. लहानपणी एक शब्द बाहेर काढायचा म्हणजे अरुंद दारातून कपाट काढण्यासारखं होतं. बाबा रागीट, त्यात त्यांना घाई. जेवणाच्या टेबलावर ते म्हणत, "अरे, बोल तरी, नाहीतर गीळ तरी." धाकटा तेव्हा पाळण्यात होता, त्याला हे सगळं ऐकून माहीत. पुढे आईनं काय केलं कोण जाणे, पण दादाचं बोलणं वाहतं झालं. परदेशी निघाला तेव्हा तो निरोपाचं चांगलं लांबलचक बोलला होता. बाबा त्याच्या आदल्याच वर्षी वारले होते.

तिकडे परक्या भाषेत, परक्या माणसांत, ते जुनं दुखणं परत आलं. आईला हे कळलं नाही. तोवर तिचे कान सामान हलवून मोकळे झाले होते.

फोनवर बोलता येईना, म्हणून दोघा भावांनी एक सोय काढली. दर रविवारी दादा स्वतःचं बोलणं मोबाइलवर चित्रित करून धाकट्याला पाठवणार. धाकटा त्याच्याखाली मजकूर घालून घरच्या टीव्हीवर लावणार. आई टीव्हीवर आपला मुलगा बघणार, वाचणार, आणि उत्तर टाइप करून पाठवणार. ताईला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे रविवारी पण ओव्हरटाइम. आणि बिनपगारी."

पहिला निरोप आला. कात्रीनं हेडफोन लावले. दादा पडद्यावर आला, छातीपासून वर. त्याला "आई" म्हणायचं होतं. जबडा अडकला, मान एका अंगाला गेली, डोळे घट्ट मिटले. "आ... आ..." कात्रीनं निरोप तिथेच थांबवला. त्याला वाटलं, आईनं हे बघू नये. मग त्यानं जे रोज करायचा ते केलं. अडखळणं काढलं, थांबे काढले, दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा म्हटलेलं काढलं. चित्रही तिथल्या तिथे कापून जोडलं. खाली मजकूर आला:

आई, मी बरा आहे. काम ठीक. थंडी आहे. काळजी नसावी.

झालेलं काम त्यानं दादालाही पाठवलं. दादाचं उत्तर लगेच आलं. लिहिताना तो कधीच अडखळत नसे. "अरे वा! माझ्यापेक्षा माझं तूच बरं बोलतोस. असंच चालू दे. आईला बोलू नकोस, उगाच तिच्या जिवाला घोर."

असंच चालू राहिलं.

आईला आधी फार आनंद झाला. "बघ, कसा ठाम बोलायला लागला. तिकडचं पाणी मानवलं."

मग काही महिन्यांनी म्हणाली, "साहेब झाला वाटतं हा."

मग त्याहून पुढे, "हा बोलतो की फळ्यावर सूचना लावतो? 'थंडी आहे. काळजी नसावी.' आपल्या जिन्यात लावतात ना, 'उद्या पाणी येणार नाही', तसलं."

"कामात असतो गं तो," कात्री तोंड तिच्याकडे वळवून, सावकाश ओठ हलवत म्हणाला.

"आणि हा मधे मधे उड्या काय मारतो? एवढा पुढारलेला देश, आणि नेट अडकतं?"

"अडकतं कधी कधी."

हे खोटं नव्हतं. अडकत होतंच. नेट नव्हतं एवढंच.

आई मानी. समोरचा तोलूनमापून बोलतो म्हटल्यावर तिनंही तराजू काढला. तिची उत्तरं आखडत गेली. 'इकडे सर्व ठीक.' मग 'सर्व ठीक.' मग नुसतं 'ठीक.' कात्री मधे उभा राहून दोन्ही टोकं बघत होता. त्याला वाटायचं, माणसं वय झालं की अशीच सुटत जातात.

एका रविवारी दादानं निरोप पाठवला तो नेहमीपेक्षा लांब होता. कात्रीला मालिकेचा विशेष भाग पुरा करायचा होता. त्यानं घाईघाईत कापला. टीव्हीवर आला तो असा:

आई, सुट्टी मिळते आहे. येण्याचा विचार आहे. बघू.

आईनं चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "बघू? बघू काय? दवाखान्यात येतोय का तारीख घ्यायला?" आणि तिनं टाइप केलं: 'ठरलं की कळव.'

दादानं काही कळवलं नाही. त्यानंतर दोन-तीन रविवार 'काम ठीक'चे आले. मग एका दुपारी कात्रीच्या ऑफिसात त्याच्या मोबाइलवर परक्या आवाजाचा फोन आला. दादाच्या प्रयोगशाळेतला कुणी सहकारी होता. दादा यंत्रासमोरच खाली बसला होता, म्हणाला, आणि दवाखान्यात नेईपर्यंत काही राहिलं नव्हतं. फार गुणी माणूस. शांत. कुणाला कधी त्याचा आवाज झाला नाही.

कात्री घरी आला. आईसमोर उभा राहिला. ओठ हलवायचे होते, ते हलेनात. आयुष्यात पहिल्यांदा तो अडखळला. आईनं थोडा वेळ त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "लिही."

त्यानं मोबाइलवर लिहिलं आणि तिच्यापुढे धरलं. दोन शब्द. त्याहून कमीत ते लिहिता आलं नसतं. वाचायला पुरेसा वेळ मिळावा म्हणून मजकूर पडद्यावर थोडा जास्त राहू द्यावा असा ताईचा नियम होता. कात्रीनं हात फार वेळ तसाच धरून ठेवला.

तिकडचं सगळं तिकडेच उरकलं गेलं. इकडे माणसं येऊन गेली, आईला ऐकू येत नाही हे विसरून बरंच काही बोलून गेली. आई सगळ्यांना मान डोलवत राहिली. मग घर रिकामं झालं, आणि एका दुपारी आई म्हणाली, "त्याचं ते सुट्टीचं लाव."

"आई, कशाला आता..."

"लाव म्हटलं ना."

त्यानं लावलं. दादा आला, येण्याचा विचार आहे म्हणाला, बघू म्हणाला, गेला.

"एवढंच बोलला तो?"

"हो."

"तू कापलंस."

"नाही गं, नेट..."

"त्या बिचाऱ्या नेटला किती दिवस बदनाम करशील?" आईचा आवाज नेहमीसारखा मोठा होता. तिला तो ऐकू येत नसे, म्हणून ती तो जपूनही वापरत नसे. "शिंपीण आहे मी. जोड दिसतो मला. पहिल्या दिवसापासून दिसतोय."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटायचं तोच कापतो. आईला जेवढ्यास तेवढं द्यायचं म्हणून."

कात्री खाली बघायला लागला, म्हणून आईनं त्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. तोंड दिसलं नाही तर तिला कसं कळणार?

"तोच म्हणाला होता," कात्री म्हणाला. "असंच चालू दे म्हणून. आणि मला पण वाटलं, तुला बघवणार नाही. तो परत अडखळायला लागला होता आई. तिकडे गेल्यापासून."

आईनं पदरानं चष्मा पुसला, तो आधीच स्वच्छ होता.

"कापताना कडेला माया सोडतात रे," ती शेवटी म्हणाली. "अगदी शिवणीला लागून कापलं की मग सैल करायला काही उरत नाही. कापलेलं फेकलंस की ठेवलंयस?"

"ठेवलंय."

"मग जोडून दे. सगळं. चिंधी न् चिंधी."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कात्रीनं ऑफिसात तो मूळ निरोप उघडला. घरी त्याचं धाडस झालं नसतं. पडद्यावर खाली आवाजाची रेघ पसरली. बोललं की तिथे डोंगर दिसतात, थांबलं की सपाट. दादाच्या बोलण्यात डोंगर थोडे आणि माळरान फार. कात्री एकेक अक्षर लिहीत गेला. आ, तीन टिंबं, पुन्हा आ. बोटांना सवय नव्हती. ती सारखी पुसायला धावत होती.

तेव्हा त्याला काटे दिसले. बऱ्याच शब्दांच्या आधी, सपाट भागात, दोन बारीक काटे. त्यानं आवाज वाढवला. टक, टक. मग शब्द. त्यानं ही टकटक दर रविवारी ऐकली होती. मागचा काहीतरी आवाज म्हणून दर रविवारी साफ केली होती. त्यासाठी संगणकावर एक वेगळं बटणच होतं.

ताई डबा हातात घेऊन मागे उभी होती. "कसली टकटक?"

"काय माहीत. पेन असेल. हात दिसत नाहीत त्याचे."

"गोष्टीला लागते?"

"काय माहीत."

"मग लिही," ताई म्हणाली. "लागत नाही हे पक्कं माहीत असलं तरच गाळायचं. आपल्याला माहीत नाही म्हणून गाळा, असं मी कधी म्हटलं?" मग जरा थांबून म्हणाली, "म्हटलं असेन तर चुकलं माझं." आणि आपल्या टेबलावर जाऊन तिनं डबा न उघडताच ठेवून दिला.

संध्याकाळी उजेड असतानाच कात्री घरी गेला. आईनं खुर्ची टीव्हीच्या जवळ ओढून ठेवली होती. कुणी यायचं असलं की करायची तशी वेणी घातली होती.

दादा पडद्यावर आला. मान एका अंगाला गेली, डोळे मिटले. खाली ओळ आली:

आ... आ...

आई एकदम ताठ झाली. कात्रीला वाटलं, बंद करावं. पण तिच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. गर्दीत फार वेळानं ओळखीचं माणूस दिसावं तसं काहीतरी होतं.

(टकटक)

"थांबव," आई म्हणाली. "हे काय?"

"पडद्याबाहेर आहे. पेन किंवा बोट वाजवतोय कशावर तरी."

"कसं? करून दाखव."

कात्रीनं तिच्या खुर्चीच्या हातावर बोट वाजवलं. आईनं त्याच्या हातावर आपला हात ठेवला. "असं नको. तो वाजवतो तसं."

"दोनदा. मग थांबतो. मग शब्द येतो."

आईनं हात काढला नाही.

"तुझे बाबा समोर बसायचे जेवायला," ती म्हणाली. "याचा घास आणि शब्द दोन्ही घशात. मी शेजारी. टेबलाखालून याच्या गुडघ्यावर बोट वाजवायची. दोन मी वाजवले की तिसऱ्याला त्यानं बोलायचं, असं ठरलं होतं आमचं. आमच्या दोघांतच. बाबांना वाटलं डॉक्टरचं औषध लागू पडलं. डॉक्टरांनाही तसंच वाटलं." ती किंचित हसली. "वर दिसू द्यायचं नाही, हे मीच शिकवलं होतं त्याला."

कात्रीनं पुढे लावलं. ओळी येत गेल्या. अडखळत, ठेचकाळत, त्यानं लिहिल्या होत्या तशा.

आई. (टकटक) आई, मी... म्हणजे... सु... सुट्टी मिळतेय. (टकटक) येऊ? (टकटक) तू... तुला चालेल ना? मला फार... (टकटक) येऊ का मी? तू ये म्हणालीस तर... (श्वास) बघू.

"पुन्हा," आई म्हणाली.

त्यानं पुन्हा लावलं. या वेळी ती वाचताना ओठ हलवत होती.

"दोनदा विचारलं त्यानं. येऊ का म्हणून."

"हो."

"आणि मी काय कळवलं?"

कात्रीला ते पाठ होतं. आईलाही होतं. तरी ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तेव्हा त्यानं ते तिला सांगितलं, आवाज न काढता, नुसते ओठ हलवून. तिला तेवढं पुरायचं.

"तुझ्याकडे बोट नाही दाखवत रे मी," आई म्हणाली. "जोड दिसत होता मला. विचारायला काय झालं होतं? तोंड काय फक्त त्याचं अडकत होतं?"

कात्रीनं तिसऱ्यांदा लावलं, तिनं न सांगता. आईनं हात खाली घेतला आणि शेजारी बसलेल्या धाकट्याच्या गुडघ्यावर ठेवला. तिचं बोट दोनदा वाजलं आणि थांबलं, आणि पडद्यावर शब्द आला. पुन्हा दोनदा, पुन्हा शब्द. तिला काही ऐकू येत नव्हतं, आणि खालची ओळ यायच्या आधीच तिचं बोट पडत होतं, तरी एकही टक चुकली नाही. कात्रीनं गुडघा हलू दिला नाही.

येऊ का मी?

"ये की," आई म्हणाली. तिच्या त्या मोठ्या, न जपलेल्या आवाजात. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली. "विचारतोस काय असा परक्यासारखा? ये."

दादानं श्वास घेतला, बघू म्हणाला, आणि चित्रीकरण बंद करायला पुढे वाकला. निरोपाचं हे टोक कात्री नेहमी कापून टाकायचा. त्यात काही नसायचं. दादाचा हात खालून वर आला आणि क्षणभर बोट मोबाइलच्या भिंगासमोर आलं, पडद्याएवढं मोठं, टोकाला जरा चपटं झालेलं.

"इथे थांबव," आई म्हणाली.

त्यानं थांबवलं. खालच्या दोन ओळींची जागा रिकामी होती. आई ती जागा शेवटपर्यंत वाचत असल्यासारखी बघत राहिली, आणि तिचं बोट त्याच्या गुडघ्यावर दोनदा वाजून थांबलं.